दुसऱ्याचे वाक्य, आपला आवाज

निवृत्त झालेली बाई लिहू लागली की भोवतालची माणसे दोनपैकी एक गोष्ट गृहीत धरतात. ती आत्मचरित्र लिहीत असावी, किंवा तिचा वेळ जात नसावा. माझ्या बाबतीत दोन्ही खरे नाही. स्वतःच्या आयुष्याची संगतवार हकीकत लिहावी अशी ओढ मला कधी वाटली नाही, आणि वेळ तर नोकरीत होते तेव्हापेक्षाही आता कमी पडतो. मी कथा लिहिते. अधूनमधून एखादी आठवण, एखादे टिपण वहीत उतरते, पण मन रमते ते कथेतच. ही कथा लिहिण्याची रीत मला कोणी शिकवली, याचा विचार करताना मी दरवेळी एकाच ठिकाणी जाऊन पोहोचते, ते म्हणजे सोलापूरचे ट्रंक एक्स्चेंज, परगावचे फोन जोडून देणारे केंद्र. कानाला हेडसेट लावून बोर्डासमोर बसलेल्या आम्हा बायकांचे ते काम आता कुठेच उरलेले नाही आणि ते करणाऱ्या जणीही पांगल्या आहेत, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

मी १९८२ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले. ते वर्ष मुंबईच्या गिरणी संपाचे. तेव्हा डाक आणि तार मिळून एकच खाते होते. ते १९८५ मध्ये वेगळे झाले आणि पुढे १ ऑक्टोबर २००० रोजी आमचे भारत संचार निगम झाले. घरात फोन असणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांनाही परगावी बोलायचे असेल तर १८० फिरवून ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. बुकिंगवरची बाई तिकीट लिहून घेई: कोणाचा नंबर, कोणते गाव, कोणता नंबर, साधा की अर्जंट की सर्वांत तातडीचा लाइटनिंग, नोंदवल्याची वेळ काय. ते तिकीट मग ट्रंक बोर्डावर येई. आमच्यासमोर भिंतीसारख्या उभ्या बोर्डात छोट्या भोकांच्या ओळी असत, त्यांना आम्ही जॅक म्हणत असू. पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या, त्यांच्या टोकाला पितळी प्लग. एक दोरी मागणाऱ्याच्या जॅकमध्ये, दुसरी पलीकडच्या गावाच्या लाइनीत. जॅकवरचा दिवा लागला की कोणी तरी बोलावते आहे, दोरीजवळचा दिवा लागला की बोलणे संपले. गाव मोठे असेल तर थेट लाइन मिळे. लहान गावासाठी मधल्या एक्स्चेंजच्या ऑपरेटरला हाक मारावी लागे, ती पुढच्याला हाक मारी, आणि अशा तीनचार बायकांच्या तोंडून एका माणसाची हाक शेवटी त्याच्या गावापर्यंत जाई.

सोलापूरच्या बोर्डावर भाषेचे वेगळेच वैभव होते. नवी पेठेतला व्यापारी आमच्याशी मराठीत बोले, लाइन जोडून दिली की पलीकडच्या विजापूरच्या माणसाशी कानडीत सौदा करी. पूर्व भागातल्या माग असलेल्या घरांमधून तेलुगूत बोलणे चाले. मुस्लिम वस्तीतून येणारी दखनी तर इतकी गोड की तिकीट लिहून झाल्यावरही एखादे वाक्य अधिक ऐकावेसे वाटे. मला अक्कलकोटकडच्या माहेरामुळे कानडी कळत होती, तेलुगू मात्र मी केवळ कानाने शिकले. अर्थ कळायच्या आधी मला त्या भाषेतला राग, लाज आणि घाई कळू लागली. आज मी संवाद लिहिते तेव्हा आधी त्याचा सूर ऐकू यावा लागतो, शब्द नंतर येतात. ही सवय तिथली आहे.

पी.पी. कॉल म्हणजे ठरावीक व्यक्तीसाठीचा कॉल, आणि माझ्या लेखी त्या नोकरीतला सर्वांत मोलाचा भाग तोच. सबंध आळीत एकाच घरी फोन असे. ज्याच्याशी बोलायचे ती व्यक्ती दोन घरे सोडून, कधी गल्लीच्या टोकाला राहत असे, आणि तिला बोलावून आणेपर्यंत लाइन उघडी राही. ती व्यक्ती येऊन बोलू लागल्यावरच मिनिटे धरली जात, त्यामुळे तोवरच्या काळात लाइन तुटत नाही ना हे पाहत आम्ही ऐकत बसू. रिसिव्हर टेबलावर ठेवलेला असे आणि त्यातून ते घर ऐकू येई. कुकरची शिट्टी, पाटीवर पाढे म्हणणारे मूल, कोणी तरी ‘अगं, चप्पल तरी घाल’ असे ओरडलेले, मग फरशीवरून धावत येणारी पावले, आणि धाप लागलेल्या आवाजातला पहिला ‘हॅलो’. त्या ‘हॅलो’त सगळे असे. फोन कशाचा असेल याची धास्ती, परक्या घरी उभे असल्याचा संकोच, आणि फोनवाल्या काकू शेजारीच उभ्या आहेत याची जाणीव. मी अजून अशी एकही कथा पूर्ण केलेली नाही जिच्यात कोणाला तरी कुठून तरी बोलावून आणलेले नाही. हे ठरवून होत नाही. माणूस येईपर्यंतचे घर ऐकल्याशिवाय त्या माणसाशी माझी ओळखच होत नाही.

कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटे होत आली की मध्ये जाऊन सांगायचे, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?’ पहिले मिनिट बहुधा ‘ऐकू येतंय का’ आणि ‘कधी आलास’ यात जाई. दुसरे मिनिट पाऊसपाणी, तब्येत, कोण आले कोण गेले यात जाई. आम्ही मध्ये बोललो की क्षणभर शांतता पसरे, आणि मग ज्यासाठी फोन केला ती गोष्ट एका दमात बाहेर पडे. पैसे पाठवता का. तिने हो म्हटलं नाही. दादांना आता घरी न्या म्हणालेत डॉक्टर. माणूस मुख्य गोष्ट शेवटी बोलतो आणि ती बोलण्यासाठी त्याला कोणी तरी घाई करावी लागते, हे मी वर्षानुवर्षे ऐकले. वाचकालाही त्या दोन मिनिटांच्या पाऊसपाण्यातून जाऊ द्यावे, असे माझे मत आहे. हल्ली कथेचे पहिलेच वाक्य धक्का देणारे असावे असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. ज्याने पाऊसपाणी ऐकलेले नाही त्याला ‘दादांना घरी न्या’ या वाक्याचे वजन कळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पावसाळ्यात लाइनी खराब होत. खरखर इतकी की दोन्हीकडच्या माणसांना ऑपरेटरचे बोलणे ऐकू येई, पण एकमेकांचे नाही. अशा वेळी आम्ही मध्ये बसून निरोप पुढे सांगत असू. ‘ते म्हणतायत, सोमवारी निघतो.’ ‘त्या विचारतायत, पोरीला बरोबर आणणार का?’ नव्याने लागलेल्या मुली नेहमी ‘ते म्हणतायत’, ‘त्या म्हणतायत’ असेच बोलत. पण पलीकडचा माणूस घाबरलेला असला, म्हातारा असला, की त्या ‘ते’ आणि ‘त्या’त त्याचा गोंधळ होई. आमच्या सुपरवायझर बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितले, ‘तू त्यांचंच वाक्य बोल. जसं त्यांनी म्हटलं तसं. तुझं काही घालू नकोस, त्यांचं काही गाळू नकोस.’ आणि मग मी वीस-एकवीस वर्षांची मुलगी, मी कधीही न पाहिलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांगत असे, ‘बाबा, मी बरी आहे, काळजी करू नका, बाळाचं वजन चांगलं आहे.’ ते गृहस्थ मलाच आशीर्वाद देत. तो आशीर्वाद मी तसाच पलीकडे पोहोचवत असे.

ज्याला लेखनाची दीक्षा म्हणावी ती मला तिथे मिळाली असे मी मनापासून मानते. दुसऱ्याचे ‘मी’ आपल्या तोंडात घेताना आपला आवाज त्याला द्यावा लागतो आणि आपले मत बाजूला ठेवावे लागते. बाळंत मुलगी ‘मी बरी आहे’ म्हणत असताना तिच्या आवाजावरून ती बरी नाही हे मला कळत होते. पण ते पलीकडे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. मी तेवढेच करू शकत होते की तिचे वाक्य तिने ज्या जागी थांबून म्हटले त्या जागी मीही थांबावे. ‘मी...बरी आहे.’ बाबांना काय समजायचे ते समजले असेल. कथेत मला जे काही साधायचे असते ते त्या थांबण्याएवढेच आहे. पात्राच्या मनात काय चालले आहे हे मी स्पष्ट करून सांगू लागले की सुपरवायझर बाईंचे वाक्य आठवते आणि मी तो परिच्छेद काढून टाकते.

१९९३ च्या ३० सप्टेंबरविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही घरे हादरली. आमच्या गल्लीतले सगळे लोक अंथरुणावरून उठून रस्त्यावर आले होते. आम्हा बायकांना रात्रपाळी नसे, मी सकाळच्या पाळीला गेले तेव्हा रात्रीच्या मंडळींच्या चेहऱ्यांवरूनच कळले की हे काही साधे नाही. तोवर मोठ्या गावांना एस.टी.डी., म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची सोय, आलेली होती, पण उमरगा, लोहारा, औसा भागातल्या खेड्यांशी बोलायचे तर अजून आमच्यामार्फतच बोलावे लागे, आणि खेड्यात फोन असलाच तर पोस्टात एक. त्या सकाळी पुणे, मुंबई, हैदराबाद सगळीकडून एकच मागणी येत होती. सास्तूर द्या. किल्लारी द्या. उमरग्याला कोणी तरी असेल, त्यांना विचारा. लाइनी लागत नव्हत्या. लागणार नाहीत हे आम्हाला पहिल्या तासातच कळले होते, तरी तिकीट घ्यायला नकार देता येत नव्हता आणि आमच्यापैकी कोणाला द्यायचाही नव्हता. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद अशी ती घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली होती. हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. पण त्या सकाळी आमच्यापुढे होती ती फक्त तिकिटांची वाढत जाणारी थप्पी.

सोलापुरातल्याच एका गृहस्थांनी एका खेड्यासाठी पी.पी. कॉल नोंदवला होता. ते दर थोड्या वेळाने विचारत, ‘लागला का, बाई?’ आणि मी म्हणत असे, ‘नाही अजून, प्रयत्न चालू आहे.’ दुपार उलटल्यावर त्यांनी विचारणे थांबवले. संध्याकाळी माझी पाळी संपून गेली होती, तरी मी बसून होते, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला आणि ते म्हणाले, ‘राहू द्या बाई. मी स्वतःच जातो.’ मी तिकिटावर ‘रद्द’ लिहिले. तेवढेच. ते कोण होते, कोणत्या गावी फोन लावत होते, कोणासाठी, हे मी तेव्हाही कोणाला सांगितले नाही आणि इथेही सांगणार नाही.

याचे कारण केवळ सभ्यता नाही. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने आम्हाला बांधलेले होते. कामावर ऐकलेले बाहेर सांगणे हा गुन्हा होता आणि रुजू होतानाच ते बजावले जाई. लाइन नीट चालली आहे का हे पाहण्यासाठी कान द्यावाच लागे, त्यामुळे शहरातली कितीतरी गुपिते आमच्या कानांवरून जात. आम्ही ती घरी नेली नाहीत. नवऱ्याला सांगितली नाहीत, बहिणींना सांगितली नाहीत. माझ्याबरोबरच्या एकीच्या सख्ख्या नात्यातले लग्न मोडल्याची बातमी तिला घरच्यांच्या आधी बोर्डावर कळली होती, आणि ती घरी जाऊन गप्प बसून सगळ्यांबरोबर दुसऱ्यांदा रडली. आता त्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा दूरसंचार कायदा केला गेला आहे, आणि मला तर निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. तरीही मी स्वतःला बांधलेलीच समजते. फोनवर बोलणाऱ्या त्या माणसांनी आपले बोलणे मला दिलेले नव्हते, ते माझ्यावरून जात होते.

म्हणूनच मी आठवणी न लिहिता कथा लिहिते. घडलेले जसेच्या तसे लिहिणे मला वर्ज्य आहे, पण त्या घडण्यातून कळलेले माणूसपण माझ्यापाशी आहे आणि ते कुठे तरी ठेवले पाहिजे. ‘राहू द्या बाई’ या वाक्याची कथा मी निवृत्तीनंतर लिहिली. तिच्यात भूकंप नाही, फोन नाही, सोलापूरही नाही. एक शिवणकाम करणारी बाई आहे, तिने एका गिऱ्हाइकाचे कपडे शिवून ठेवले आहेत आणि ते न्यायला कोणी येत नाही. ‘राहू द्या’ असे ज्या सुरात ते गृहस्थ म्हणाले, तो सूर फक्त मी तिथे ठेवला. वाक्यही बदलले आहे. ज्यांचे ते होते त्यांनी ही कथा वाचली तरी त्यांना आपले काही कोणी उघड्यावर मांडले असे वाटणार नाही. अनोळखी माणसाने आपल्याला ओळखले, असे वाटले तर मात्र मला आनंद होईल. ही कथा मी इतक्यांदा लिहिली की मुलीने शेवटी विचारले, ‘आई, अजून तेच?’ तिला काय सांगणार? त्या सुरापाशी नेमके पोहोचेपर्यंत दुसरे काही लिहिणे मला शक्यच नव्हते.

निवृत्ती मी मुदतीआधी घेतली. निगमाने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशभरातले अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक लोक कामावरून उतरले. मी त्यांतली एक. ट्रंक बोर्ड त्याच्या कितीतरी आधी गेले होते. एस.टी.डी. आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ आले, रात्री उशिरा दर कमी होत म्हणून तिथे रांगा लागत. आम्हाला १९७ च्या फोन नंबर चौकशीवर, तक्रारींवर, बिलांच्या खिडकीवर पाठवले गेले. त्या बदलाविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. कोणाही मधल्या बाईला आपले दुःख ऐकवल्याशिवाय माणसाला आपल्या माणसाशी बोलता येऊ लागले, हे चांगलेच झाले.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि मी लिहायला बसले. सोलापूरच्या उन्हाळ्यात लिहायचे तर पहाटच बरी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि पाण्याच्या दिवशी लेखन नसते. भांडी, पिंप, टाकी भरून होईपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो. इतर दिवशी मात्र घर उठायच्या आत माझी दोनतीन पाने होतात. मी हाताने लिहिते आणि लिहून झाले की मोठ्याने वाचते. वाचताना कोणत्या वाक्याला माझा आवाज लागला आहे आणि कोणत्याला पात्राचा, हे लगेच कळते. माझा लागला असेल तर वाक्य रद्द. दुपारी हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेले पुस्तक असते. वाचनाचा माझा वेग कमी झाला आहे, पण पूर्वी जी पाने मी ओलांडून जात असे, वर्णनांची, घरांची, वाटांची, ती आता मला आवडू लागली आहेत.

मैत्रिणींमध्ये माझ्यासारख्या लिहिणाऱ्या आता पुष्कळ आहेत. कोणी परिचारिका होत्या, कोणी शिक्षिका, एक तर जिल्हा परिषदेत लेखा विभागात होत्या. त्या बहुतेक जणी सासर, मुले, प्रवास, देवदर्शन यांविषयी लिहितात आणि चांगले लिहितात. पण आपण जे काम तीस-पस्तीस वर्षे केले त्याविषयी जवळजवळ कोणी लिहीत नाही, याची मला फार खंत वाटते. नोकरी म्हणजे घर चालवण्यासाठी केलेली धावपळ, तिच्यात लिहिण्यासारखे काय, असे आम्हालाच वाटत आले. परिचारिकेला रात्रीच्या वॉर्डात माणसाचा श्वास कसा ऐकावा हे कळते. लेखा विभागातल्या बाईंना आकड्यांवरून गावातला दुष्काळ सहा महिने आधी दिसत होता, असे त्या एकदा सहज बोलून गेल्या. मी त्यांना म्हटले, ‘ताई, हेच लिहा.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, ते कोण वाचणार?’ मी वाचेन, असे मी त्यांना सांगितले आहे आणि दर आठवड्याला आठवण करून देते आहे.

आमच्या त्या सुपरवायझर बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. शहराच्या जुळे सोलापूर या भागात मुलाकडे असतात. आयुष्यभर ऐकण्याचे काम केले, आणि आता त्यांना ऐकू फार कमी येते. समोर बसून, तोंडाकडे पाहता येईल असे सावकाश बोलले की समजते. स्मरण मात्र लख्ख आहे. १९६५ च्या युद्धाच्या वेळच्या पाळ्या, रुजू झाल्यावर मिळालेला पहिला हेडसेट, त्याचे वजन, मानेवर पडलेला वळ, हे सगळे त्या काल घडल्यासारखे सांगतात. हात थरथरतात, म्हणून त्यांना लिहिता येत नाही. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘तू लिही. पण मी म्हणून लिही. “त्या म्हणाल्या” नको.’

पहिली पाने मी लिहून नेली आणि मोठ्या अक्षरांत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. एके ठिकाणी मी ‘मला त्या दिवशी फार एकटे वाटले’ असे लिहिले होते. त्यावर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘हे मी बोलले नव्हते.’ मी ते खोडले. मग थोडे थांबून त्यांनी त्या दिवशी काय केले ते सांगितले: पाळी संपल्यावर त्या घरी न जाता सात रस्ता चौकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून परत आल्या. मी ते लिहून घेतले. पुढची पाने १९७० नंतरची आहेत, नव्या बोर्डाची. त्यासाठी त्यांनी जुनी ड्यूटी चार्टची वही शोधून ठेवते म्हटले आहे.